दीड वर्षाचा सन कॉन्युर पोपट अचानक कडकडून चावायला लागलाय, काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की पिल्लू असताना हाताने भरवून वाढवला, अंगाखांद्यावर खेळायचा, आणि आता दीड वर्षाचा झाल्यावर पिंजऱ्यात हात घातला की रक्त काढतो, मिस्टरांना तर जवळपास फिरकू देत नाही आणि सासूबाई म्हणतायत सोडून द्या त्याला. तर पहिली गोष्ट, पक्षी बिघडलेला नाहीये, वयात आलाय. कॉन्युर साधारण एक ते दोन वर्षांत वयात येतो आणि बऱ्याच घरांत नेमकं तेव्हाच हे सुरू होतं, विकताना दुकानदार हे कधी सांगत नाही, त्याला काय पडलंय. आमच्याकडे पण सन कॉन्युरच आहे, डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये, त्यामुळे चावणं आणि ओरडणं दोन्ही चांगलं ओळखीचं आहे.

पण वयाचं आहे म्हणून गप्प बसायच्या आधी एकदा पक्ष्यांचं कळणाऱ्या डॉक्टरला दाखवा, कारण पोपट आजारपण लपवतो आणि दुखत असेल तर हात लावू देत नाही. किचनच्या वजनकाट्यावर वजन करत जा, सन कॉन्युर साधारण १००-१२० ग्रॅमचा असतो, एकदम घसरायला लागलं किंवा शी बदलली किंवा दिवसभर पिसं फुलवून बसला तर थांबू नका. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, तिथे पक्षी पण बघतात. आणि पिसं झडायचा सीझन चालू असेल तर नवीन येणाऱ्या पिसांची जी टोकं असतात ना डोक्यावर मानेवर, ती दाबली गेली की दुखतं, मग लाडाने खाजवायला गेलं तरी चावतो.

आता मुख्य मुद्दा. लोक म्हणतात अचानक चावला, पण अचानक फार कमी वेळा असतं. चावायच्या आधी तो शेपटी पंख्यासारखी पसरतो, मानेवरची पिसं उभी करतो, पुढे झुकतो, चोच थोडी उघडी ठेवतो, किंवा एकदम स्तब्ध होतो, डोळ्यातली बाहुली लहानमोठी होत असते (कॉन्युरचा डोळा गडद असल्यामुळे हे जरा जवळून बघावं लागतं). हे दिसलं की हात मागे घ्या आणि थोड्या वेळाने परत या. आपण काय करतो, घाबरायचं नाही, त्याला कळलं पाहिजे मालक कोण, म्हणून हात पुढे रेटतो. मग तो शिकतो की इशारे देऊन काही होत नाही, चावलं की हात जातो, आणि पुढच्या वेळी इशारे न देता डायरेक्ट चावतो. आठवडाभर जरा लिहून ठेवा, चावायच्या आधी काय झालं होतं, खोलीत कोण होतं, किती वाजले होते आणि चावल्यावर त्याला काय मिळालं, अर्धं उत्तर तुम्हाला त्यातच सापडेल.

पिंजऱ्यात हात घालणं तर पूर्ण बंद करा. ती त्याची जागा आहे, वयात आलेला पक्षी ती राखतोच. दार उघडा, त्याला स्वतःहून बाहेर येऊ दे, तो बाहेरच्या स्टँडवर बसला असताना वाट्या बदला, साफसफाई करा. हातावर घ्यायचं असेल तेव्हा सुरुवातीला बोट न देता लाकडाची दांडी द्या. आणि एक लक्षात ठेवा, पोपट कशावरही चढताना आधी चोचीने धरून बघतो की हे पक्कं आहे का, आपल्याला वाटतं चावतोय आणि आपण हात झटकतो, मग तो खरंच दचकतो आणि पुढच्या वेळी घट्ट पकडतो. पंख कापलेले असतील तर अजूनच, कारण उडून जाता येत नसेल तर घाबरलेल्या पक्ष्याकडे चोचीशिवाय राहतं काय? पुढच्या वेळी कापू नका, फक्त बाहेर काढताना पंखे बंद आणि खिडक्यांना जाळी.

हार्मोन्सचं थोडं तुमच्या हातात आहे. पिंजऱ्यातली कापडाची झोपडी काढून टाका, आरसा काढा, सोफ्याखाली, कपाटात, उशांच्या फटीत घुसू देऊ नका, त्याला ते घरटं वाटतं (तसंही त्या झोपडीचे धागे खाऊन पोटात अडकतात). लाड फक्त डोक्याचे आणि मानेचे, पाठीवरून आणि पंखाखाली हात फिरवला की त्याला जोडीदाराने केल्यासारखं वाटतं. झोप १०-१२ तास लागते, आणि आपल्याकडे पिंजरा हॉलमध्ये, टीव्ही साडेअकरापर्यंत, मग सकाळी साहेब चिडचिडे. आतल्या खोलीत अंधार करून झोपवा. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया वाटीत भरून ठेवू नका, फॅट जास्त आणि व्हिटॅमिन ए नाही, त्याऐवजी गाजर, लाल भोपळा, मिरची, शेवग्याचा पाला, मोड आलेली कडधान्यं द्या. अवोकाडो आणि चॉकलेट अजिबात नाही.

बिया बंद करायच्या असं नाही हां, त्या आता पगार म्हणून द्यायच्या. संध्याकाळच्या जेवणाआधी पाचेक मिनिटं, जाळीच्या बाहेरून एक चॉपस्टिक दाखवा, त्याने चोचीने टोकाला हात लावला, म्हणजे चोच लावली, की लगेच "शाब्बास" म्हणून एक बी. हे जमलं की काडीच्या मागे मागे डावीकडे उजवीकडे, मग बाहेर स्टँडवर, मग दांडीवर, मग कधीतरी हातावर. हे सगळं तो चावू शकणार नाही इतक्या अंतरावरून होतं म्हणून मला आवडतं. मिस्टरांचा प्रॉब्लेम पण असाच सोडवा, आवडत्या बिया फक्त त्यांनीच द्यायच्या, तुम्ही नाही, आणि सुरुवातीला त्यांनी नुसतं येता जाता वाटीत एक बी टाकून निघून जायचं, बघायचं पण नाही त्याच्याकडे. आणि तो तुमच्या खांद्यावर असताना मिस्टर खोलीत आले की बरेचदा तो तुम्हालाच चावेल, कारण त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, तुमचा कान जवळ असतो. म्हणून सध्या खांदा बंद.

चावलाच तर ओरडू नका. माहितीये, बोलणं सोपं आहे, कॉन्युरची चोच मांसात घुसली की तोंडातून शिव्या येतात. पण लहान पोराने भोकाड पसरलं की मोबाईल मिळतो तसंच हे, काहींना आपला आरडाओरडा म्हणजे मज्जा वाटते. हात झटकला की जखम अजून फाटते, त्यापेक्षा हात किंचित त्याच्याच दिशेला नेला की पकड ढिली होते, मग काही न बोलता जवळच्या टेबलवर ठेवून द्या. चोचीवर टिचकी, तोंडावर फुंकर, हात हलवून तोल घालवणं, हे यूट्यूबवर सर्रास सांगतात, मला हे अजिबात पटत नाही, यातून तो फक्त हाताला घाबरायला शिकतो. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा, खोल असेल किंवा सुजली तर डॉक्टरकडे जा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते विचारतील. रेबीजची भीती नको, तो सस्तन प्राण्यांचा रोग आहे. घरात लहान मूल असेल तर मोठं माणूस नसताना पक्षी बाहेर नाही, चेहऱ्याजवळ तर नाहीच.

किती दिवस लागतील हे कोणी सांगू शकत नाही, वयात यायचा जोर ओसरतो पण मधल्या काळात तो काय शिकतो ते टिकतं.

आता सासूबाईंचं. सोडून देणं म्हणजे मारणं आहे, स्पष्ट सांगा त्यांना. हा पक्षी दक्षिण अमेरिकेतला, पिंजऱ्यात वाढलेला, बाहेर खायचं कसं शोधायचं माहीत नाही, आणि इतका पिवळाधमक की कावळे आणि घारी पहिल्याच दिवशी बघतील. (आपला हिरवा देशी पोपट असता तर गोष्ट वेगळी, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, घरात ठेवताच येत नाही, वनविभागाच्या १९२६ नंबरवर कळवावं लागतं.) खरंच झेपत नसेल तर पक्षी सांभाळायचा अनुभव असलेल्या घरी द्या, आणि कधी, कशाला, कोणाला चावतो ते सगळं लपवून न ठेवता सांगून द्या. सन कॉन्युरची २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, देताना ते पण तिथे कळवावं लागतं, केली नसेल तर आधी ते बघा.