‘पाडाव’ म्हणजे पराभव का?

‘ट्राफल्गारच्या लढाईत नेल्सनने शत्रूच्या आरमाराचा पाडाव केला’ या वाक्यातील ‘पाडाव’ हा ‘पराभव’ या अर्थी बरोबर आहे का, असा प्रश्न आपण विचारला आहे. आजच्या वापराकडे पाहता हे वाक्य चूक ठरवता येणार नाही. परंतु जुन्या मराठीत हा शब्द वेगळ्या अर्थाने आणि वेगळ्या रचनेत येत असे, आणि नेमकी ट्राफल्गारची लढाई सांगताना तो जुना अर्थ अधिक उपयोगी पडतो.

बखरींमध्ये आणि जुन्या पत्रव्यवहारात घोडे, हत्ती, माणसे, गलबते ‘पाडाव केली’ असे येते, म्हणजे ती युद्धात जिंकून ताब्यात घेतली. तेथे पाडाव हे विशेषणासारखे वापरलेले असून क्रियापद ताब्यात आलेल्या वस्तूप्रमाणे बदलते. ‘गलबताचा पाडाव केला’ ही षष्ठीची रचना नंतर रुळलेली दिसते, आणि शब्दात ‘पाडणे’ ऐकू येत असल्यामुळे त्याला चीत करण्याचा अर्थ चिकटला असावा, असे मला वाटते. (कोकणात ‘पडाव’ नावाचे गलबतही असते, त्यामुळे ‘पडाव पाडाव केला’ हे वाक्य विचित्र वाटले तरी निर्दोष आहे.)

आता २१ ऑक्टोबर १८०५ रोजी काय घडले ते पाहू. इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन याच्याकडे २७ मोठी युद्धजहाजे होती. फ्रेंच सेनापती व्हिलनव्ह याच्या हाताखाली फ्रेंच व स्पॅनिश मिळून ३३. नेल्सनने दोन रांगा करून शत्रूची फळी फोडली. लाकडी जहाज तोफगोळ्यांनी सहसा बुडत नसे. डोलकाठ्या मोडल्या, खलाशी व गोलंदाज पडले, की ते निशाण उतरवी आणि शत्रूच्या हाती जाई. म्हणून त्या दिवशी १७ जहाजे पाडाव झाली, ‘आशिल’ हे एकच पेट घेऊन स्फोटाने नष्ट झाले आणि १५ निसटली. खुद्द व्हिलनव्हही पाडाव झाला. इंग्रजांनी एकही जहाज गमावले नाही, परंतु नेल्सन मारला गेला. त्याने ‘१८ जहाजे बुडवली’ असे कोणी लिहिले तर ते चूक होय. पुढे वादळ आले. पाडाव केलेल्यांपैकी काही जहाजे फुटली, काही इंग्रजांनीच नष्ट केली, दोन शत्रूने सोडवून नेली आणि अवघी चार जिब्राल्टरला पोचली. एवढ्यावरून ‘पाडाव’ आणि ‘नाश’ यांतील अंतर स्पष्ट व्हावे.

म्हणून मी आपले वाक्य असे लिहीन: ‘नेल्सनने फ्रेंच-स्पॅनिश आरमाराचा पराभव करून त्यातील १७ जहाजे पाडाव केली.’

याउलट मे १९०५ मधील त्सुशिमाच्या लढाईसाठी ‘धुव्वा उडवला’ हेच शोभते, कारण तेथे तोगोच्या जपानी आरमारापुढे रशियाच्या आठ मोठ्या युद्धनौकांपैकी सहा बुडाल्या. उरलेल्या दोन मात्र दुसऱ्या दिवशी रशियन नौसेनानी नेबोगातोव शरण आल्यावर हाती लागल्या. त्यांच्यापुरते ‘पाडाव केल्या’ म्हणण्यास माझी हरकत नाही.