मोठी खाण कंपनी भागीदार झाली म्हणून शेअर घ्यावा का?

प्रश्न : मी पर्थला नर्स आहे, नवरा खाणीवर फायफो पाळीत (विमानाने जाऊन काही दिवस तिथेच राहून काम) असतो. गृहकर्जाच्या ऑफसेट खात्यात (त्यातली रक्कम वजा करून उरलेल्या कर्जावरच व्याज लागतं) 40,000 डॉलर आहेत, कर्जाचा दर 6.1 टक्के. तांब्याचा शोध घेणाऱ्या एका छोट्या कंपनीने मोठ्या खाण कंपनीशी फार्म-इन करार केला. मोठी कंपनी पाच वर्षांत 2.5 कोटी डॉलर खर्च करून 51 टक्के आणि पुढे आणखी 4 कोटी खर्चून एकूण 75 टक्के हिस्सा मिळवणार. शेअर 11 सेंटवरून 19 वर गेला. पाठोपाठ 15 सेंटचा शेअर परचेस प्लॅनही (भागधारकांना ठरलेल्या भावात नवे शेअर देण्याची योजना) जाहीर झाला. आत्ता शेअर घेऊन त्यातही अर्ज करावा म्हणते. सगळे पैसे घालू का?

उत्तर : नको. आणि प्लॅनचं गणित तर मुळातच जुळत नाही. तो फक्त रेकॉर्ड डेटला, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या तारखेला, भागधारक असलेल्यांसाठी असतो, आणि ती तारीख सहसा घोषणेच्या आदल्याच दिवसाची असते. आज 19 सेंटला घेऊन 15 सेंटचा हक्क मिळत नाही. उलट 15 ला शेअर मिळालेले लोक ते लगेच विकायला काढतील, तेव्हा विकत घेणाऱ्यांत तुम्ही असाल.

आता करार. 6.5 कोटी हा आकडा मोठा दिसतो, पण त्यातला एकही डॉलर छोट्या कंपनीच्या तिजोरीत येत नाही. मोठी कंपनी ते ड्रिलिंगवर, नमुन्यांच्या तपासणीवर, अभ्यासांवर स्वतः खर्च करते आणि बदल्यात मालकी घेते. तुम्ही पाठवलेल्या घोषणेच्या तिसऱ्या पानावर किमान बंधनकारक खर्च दिला आहे : 30 लाख. तेवढा झाला की मोठी कंपनी कधीही बाहेर पडू शकते. 51 टक्के मिळवण्याआधीच तसं झालं तर जमीन पूर्ण परत मिळते, पण ‘मोठ्यांनी पाहून सोडलेली’ या शिक्क्यासह. मग दुसरा भागीदार मिळणं फार अवघड.

भाव तपासायची सोपी रीत आहे. 75 टक्क्यांसाठी 6.5 कोटी, म्हणजे मोठ्या कंपनीच्या लेखी अख्ख्या प्रकल्पाची किंमत जास्तीत जास्त 8.67 कोटी. उरलेल्या 25 टक्क्यांचे होतात साधारण 2.17 कोटी. कंपनीचे 40 कोटी शेअर 19 सेंटने धरले तर बाजार 7.6 कोटी मोजतोय. साठा खरंच मोठा निघाला तर हा हिशेब कोलमडेल, हे मान्य. पण तिथे अजून इन्फर्ड रिसोर्सदेखील (साठ्याचा सगळ्यात कमी खात्रीचा अंदाज) जाहीर झालेला नाही. जॉर्क नियमांनुसार (खनिजसाठे जाहीर करण्याचे ऑस्ट्रेलियातले नियम) ‘ओअर रिझर्व्ह’ म्हणायला इंडिकेटेड किंवा मेझर्ड, म्हणजे जास्त खात्रीच्या, दर्जाचा साठा आणि किमान प्री-फिझिबिलिटी अभ्यास (खाण परवडेल का याची प्राथमिक तपासणी) लागतो. तिथवर जायला वर्षं जातात.

खरी अडचण खाण सापडल्यावर सुरू होते. समजा, बांधकामाला 80 कोटी लागले. 25 टक्के मालकाच्या वाट्याला 20 कोटी येतात. कंपनी नवे शेअर काढेल (तुमचा हिस्सा पातळ होईल), किंवा पैसे भरणार नाही आणि तिचा हिस्सा घटत जाईल. अनेक करारांत तो 10 टक्क्यांखाली गेला की उरते फक्त रॉयल्टी. म्हणून ‘फ्री कॅरी’, म्हणजे छोट्या कंपनीच्या वाट्याचा खर्च भागीदाराने उचलणं, कुठपर्यंत आहे, हे करारात सगळ्यात आधी शोधावं. तुमच्या कंपनीचा तो फक्त प्री-फिझिबिलिटीपर्यंत आहे. बांधकामाच्या निर्णयापर्यंत असता तर मी जरा वेगळं लिहिलं असतं.

भागीदार चांगला, साठाही चांगला, तरी काय होतं याचं उदाहरण तुमच्याच राज्यात आहे. मार्च 2019 मध्ये लंडनच्या बाजारातल्या ग्रेटलँड गोल्ड या छोट्या कंपनीने हॅवियरॉन या सोन्या-तांब्याच्या साठ्यासाठी न्यूक्रेस्ट या मोठ्या खाण कंपनीशी करार केला : 6.5 कोटी अमेरिकी डॉलरपर्यंत खर्चून 70 टक्के. न्यूक्रेस्टचा टेल्फर प्रक्रिया कारखाना अवघ्या 45 किलोमीटरवर, त्यामुळे जोडी उत्तम. 2020 च्या अखेरीस शेअर 30 पेन्सच्या वर होता. पुढे न्यूमाँट या अमेरिकी खाण कंपनीने न्यूक्रेस्ट विकत घेतली आणि टेल्फर, हॅवियरॉन विकायला काढलं. 2024 मध्ये ग्रेटलँडनेच ते 47.5 कोटी अमेरिकी डॉलरपर्यंतच्या व्यवहारात घेतलं, त्यासाठी नवे शेअर काढले ते 4.8 पेन्सना. नंतर सोन्याच्या भावाने कंपनीला चांगलाच हात दिला, पण शिखरावर घेतलेल्यांना मधली चार वर्षं सोसावी लागली.

कंपनीच्या तिमाही अहवालात अपेंडिक्स 5बी (रोख पैशांचा तक्ता) असतो. त्यातला 8.7 हा रकाना बघा : हातातले पैसे किती तिमाह्या पुरतील. तुमच्या कंपनीकडे 21 लाख आहेत, तिमाहीला 9 लाख जातात, म्हणजे 2.3. ऑफिस, संचालक, इतर जमिनींचं भाडं हा खर्च भागीदार उचलत नाही. 15 सेंटचा प्लॅन त्यासाठीच आलाय, आणि बहुधा वर्षभरात दुसरा येईल.

ऑफसेटमधले 40,000 वर्षाला 2,440 डॉलर व्याज वाचवतात, तेही करमुक्त. तुमच्या 30 टक्क्यांच्या आयकर टप्प्यात, मेडिकेअर लेव्ही (आरोग्यसेवेसाठीचा कर) धरून, बाहेर एवढेच कमवायला सुमारे 3,590 मिळवावे लागतील. शिवाय नवऱ्याचा पगार खाणीचा, घराची किंमत पर्थची, सुपरमध्येही (निवृत्ती निधी) बीएचपी-रिओसारख्या खाण कंपन्यांचे शेअर असणारच. बीएचपीने ऑक्टोबर 2024 मध्ये निकेल वेस्ट हा आपला निकेलचा व्यवसाय थांबवला तेव्हा किती घरांचं वेळापत्रक बदललं, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. चौथा पायही त्याच जमिनीवर नको.

हौस असेल तर 2,000 डॉलर, पूर्ण बुडाले तरी चालतील असे. तेही आत्ता नाही. प्लॅनचे शेअर बाजारात येऊ द्या, पहिल्या ड्रिलिंगचे निकाल लागू द्या. भाव तेव्हा 15 च्या आसपास किंवा खाली असेल आणि भागीदाराने 30 लाखांपलीकडे खर्च सुरू केला असेल, तरच घ्या.