घरचं पीनट बटर: तेल ओतायची घाई नको

अर्धा किलो शेंगदाणे घ्या. खवट आणि काळे पडलेले आधीच निवडून टाका, एक खवट दाणासुद्धा चव बिघडवतो. मंद आचेवर १५-२० मिनिटं भाजा. आच मोठी ठेवली की सालं करपतात, दाणा आतून कच्चाच. सालं पाखडून कोमट दाणे मिक्सरच्या भांड्यात अर्ध्यापर्यंतच भरा. आधी कूट होतं, मग गोळा, आणि इथेच बहुतेक जण धीर सोडून तेल ओततात. अजिबात नको! अर्धा मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडा, पुन्हा फिरवा. दाण्याचंच तेल सुटून पातळ होतं. पाण्याचा थेंबही नको, लगेच घट्ट होतं. विकत घेताना घटकांत फक्त शेंगदाणे, फार तर मीठ. वर तेल तरंगत असेल तर ढवळा, माल खराब नाही.