नर्व्हस सिस्टीम नव्याने शिकतेयस? आधी गुडघा बघ

अगं घाबरू नकोस, आणि १२ क्रेनियल नर्व्हजचं (थेट मेंदूशी जोडलेल्या मज्जातंतूंच्या जोड्या) पाठांतर आत्ता बाजूला ठेव, सुरुवातीला सगळे तिथेच अडकतात. आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स (विचार न करता आपोआप होणारी हालचाल) घे. मैत्रिणीला टेबलावर पाय लोंबकळत सोडून बसव, गुडघ्याच्या वाटीखाली तळहाताच्या कडेने हलका ठोका मार, पाय टुणकन उडतो बघ! सिग्नलच्या त्या रस्त्यात दोनच न्यूरॉन (चेतापेशी), मधे एकच सायनॅप्स (दोन न्यूरॉनमधला सांधा) आणि तोही मज्जारज्जूत, मेंदूला विचारायला कोणी थांबतच नाही. या रस्त्याचं चित्र न बघता काढता आलं पाहिजे.

दोन चुका टाळ:
- बोलताना आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि नर्व्हलाही, हे डोक्यात आधी वेगळं कर
- सिग्नल म्हणजे वायरमधला करंट नाही, सोडियम न्यूरॉनच्या आत शिरतं मग पोटॅशियम बाहेर पडतं, असं पुढेपुढे सरकत जातं

ब्रेनस्टेमचं (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा भाग) नंतर बघू.