पेज सगळ्यांना चालते, हे आधी डोक्यातून काढा

तुम्ही विचारलंय: गोव्यातल्या फोंड्याकडच्या वृद्धाश्रमात तीस माणसं, त्यांत मधुमेही, किडनीवाले, गिळायला त्रास होणारे, प्रत्येकाचं वेगळं रांधायचं का, आणि गिळता न येणाऱ्यांना पेज पुरेल का?

पेजेपासून सुरुवात करते, कारण "पेज कोणालाही चालते" हे आमच्या एका व्यवस्थापकांकडून ऐकून ऐकून माझे कान किटलेत. उकड्या तांदळाच्या पेजेत पातळ निवळ, म्हणजे वरचं पाणी, आणि अख्खी शितं एकत्र असतात. तोंड शितं चावत बसतं, तेवढ्यात निवळ घशाकडे धावते आणि श्वासनलिकेत उतरते. दर वेळी ठसका येतोच असं नाही. कित्येकदा आवाज नुसता ओलसर, घोगरा होतो आणि मागाहून ताप चढतो. "ठसका नाही म्हणजे ठीक आहे," हे त्यांचं पुढचं वाक्य. ठीक नसतं.

करायचं असं. शीत मऊ शिजलं की निवळ बाजूला काढा. शितं गरम असतानाच थोडी थोडी निवळ घालत मिक्सरला वाटा आणि गाळून घ्या. उकड्याची लाल साल गाळणीत राहते. चमचा कलता केला की गोळा एकसंध घसरला पाहिजे. चिकटून बसला तर निवळ घाला, ओघळला तर वाटलेली शितं. थंड होताना त्याची खळ होते, म्हणून एका बैठकीत संपेल एवढंच वाढा. उष्टा चमचा भांड्यात बुडवू नका: लाळेनं पिठाचा घट्टपणा मोडतो आणि पुन्हा पाणी सुटतं. (आमच्याकडे खापर मिक्सरवर फोडलं जायचं.) भरवताना माणूस ताठ बसलेला हवा, नंतरही अर्धा तास.

बाकीच्यांसाठी चार स्वयंपाक नकोत. तोंडाक (कडधान्याची खोबरं घातलेली रस्साभाजी) एकच करा, मीठ शेवटी घाला, त्याआधी रक्तदाब आणि किडनीवाल्यांचा वाटा काढा. सोलं (आमसुलं) मिठात वाळवलेली असतात, यांच्यासाठी धुऊन घ्या. किडनीवाल्यांच्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून टाका. खोबऱ्याचा हात आखडता. बाजारातलं कमी सोडियमचं मीठ त्यांना मुळीच नको, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, तेच त्यांच्या किडनीला झेपत नाही. बिंबलं (आंबट बिलिंबी) आणि स्टार फ्रूट तर त्यांच्या ताटाजवळही नकोत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा सवयीनं सुके बांगडे निघतात आणि दिवसाचं मीठ एका जेवणात पोटात जातं. ते दोन महिने अंडी आणि मूगागाठी (मोड आलेल्या मुगाची आमटी) धरूनच मेनू लावा.

मधुमेह्यांना उकडा चालतो, पण वाटीनं मोजून. संध्याकाळी सातला जेवण आणि सकाळी आठला चहा, हे तेरा तास इन्सुलिनवाल्यांना धोक्याचे. झोपताना काहीतरी द्याच.

आता एक राहिलं. कोणाला किती दाट, हे स्पीच थेरपिस्टनं (बोलण्याबरोबर गिळण्याचीही तपासणी करणाऱ्यानं) तपासून ठरवायचं, स्वयंपाकघरानं नव्हे. आणि डायलिसिसवाल्याला प्रथिनं वाढवायची असतात, डायलिसिस नसलेल्याला बहुधा आवरायची; दोघांचं प्रमाण डॉक्टरांकडून लिहून घ्या. म्हणून फळ्यावर "किडनी: 6" असं न लिहिता नावं लिहा. त्यावरही आमच्या व्यवस्थापकांचं म्हणणं होतं की फळ्यावर जागा नाही. फळा मोठा घ्या.