बालगुन्हेगारी आणि किशोरांचं आरोग्य, पीएचडीला दोन्ही विषय एकत्र घेता येतात का?

येतात. तुमच्या गाईड म्हणतात तसं एकच विषय धरून बसलात, तर अर्धं चित्र हातून जाईल असं मला मनापासून वाटतं. मी समाजशास्त्रात याच विषयावर काम करते, म्हणून लिहितेय.

शिकागोचं काम पाहा. संशोधक लिंडा टेप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ ते १९९८ या काळात कुक काउंटीच्या (शिकागो ज्यात येतं तो जिल्हा) बाल-बंदीगृहात आणलेल्या १८२९ मुलामुलींच्या मुलाखती घेतल्या. जवळपास दोन तृतीयांश मुलांमध्ये आणि तीन चतुर्थांश मुलींमध्ये कुठला ना कुठला मानसिक विकार आढळला. पुढे वर्षानुवर्षं त्यांचा माग ठेवला, तेव्हा कळलं की या मुलांचं मृत्यूचं प्रमाण इतरांच्या चौपटीहून जास्त आहे आणि मेलेल्यांपैकी बहुतेकांचे खून झालेत. आता ही माहिती कोर्टाच्या खात्यात टाकायची की दवाखान्याच्या?

या विषयात चिकाटी मात्र भरपूर लागते. ग्लूक या अमेरिकी गुन्हेशास्त्रज्ञ दांपत्याने बॉस्टनमधल्या ५०० बालगुन्हेगारांची आणि ५०० इतर मुलांची माहिती गोळा केली होती. १९८०च्या दशकात ती हार्वर्डच्या लॉ लायब्ररीच्या तळघरात, खोक्यांत पडलेली संशोधक जॉन लाउब यांना सापडली. त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट सॅम्पसन यांनी पुढे त्यातल्या काहींना सत्तरीत गाठून बोलतं केलं. बरेच जण लग्न, लष्कर किंवा पक्की नोकरी यांच्या आधाराने गुन्हेगारीतून बाहेर पडले होते.

आपल्याकडे असा माग ठेवणं अवघड आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार दोषी ठरलेल्या बहुतेक मुलांच्या नोंदी ठरावीक मुदतीनंतर नष्ट कराव्या लागतात. ते योग्यच आहे. जुन्या कागदामुळे कुणाची नोकरी जायला नको. त्यामुळे पुढे भेटायचं असेल, तर मुलाची आणि पालकांची संमती सुरुवातीलाच घ्या.

निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असेपर्यंत मुलांना ठेवतात तिथे, गेलात की गुन्ह्याबद्दल आधी विचारू नका. पढवलेली उत्तरं येतात. "रात्री झोप लागते का रे?" असं विचारलं की मुलगा बोलू लागतो, दुखणारा दात, घरची मारहाण, नशा, सगळं त्यातूनच निघतं.

गाईडना टेप्लिन यांचा मानसिक विकारांवरचा २००२चा निबंध वाचायला द्या. आणि महिला व बालविकास विभागाकडे परवानगीचा अर्ज आत्ताच टाका, त्यात बराच वेळ जातो.