'शॉशँक रिडेम्प्शन' आवडला असेल, तर कैद आणि सुटकेवरचे आणखी कोणते चित्रपट पाहावेत?

'शॉशँक रिडेम्प्शन' हा तुरुंगावरचा चित्रपट पाहून तुम्ही भारावून गेला आहात आणि त्या जातीचे आणखी चित्रपट कोणते, विशेषतः कैदेचा अनुभव खरेपणाने दाखवणारे कोणते, असे तुम्ही विचारले आहे. प्रश्नाचा हा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. अशा बहुतेक चित्रपटांत कैद ही पाठलागाआधीची प्रस्तावना म्हणून उरकली जाते, आणि मग सुटकाही हलकी होते. प्रेक्षकाला कोठडीत पुरेसा वेळ बसवलेच नसेल, तर शेवटी दार उघडले तरी त्याच्या छातीवरचे ओझे उतरत नाही. ते मुळात चढलेलेच नसते.

म्हणून माझ्या यादीत पहिले नाव रोबेर ब्रेसाँ यांच्या १९५६ सालच्या 'अ मॅन एस्केप्ड'चे आहे. जर्मनीने व्यापलेल्या फ्रान्समध्ये, ल्योंच्या माँल्युक तुरुंगातून १९४३ साली निसटलेल्या आंद्रे दव्हिन्यी यांच्या आठवणींवर तो आधारलेला आहे, आणि ब्रेसाँ यांनी स्वतःही युद्धकैदी म्हणून काही काळ काढला होता. देहदंडाची शिक्षा झालेला माणूस निसटला, हे त्याच्या मूळ फ्रेंच नावातच सांगून टाकले आहे. त्यामुळे 'सुटेल का?' ही उत्सुकता दिग्दर्शकाने आरंभीच बाजूला ठेवली आणि सारे लक्ष हातांकडे वळवले. फोंतेन हा नायक लोखंडी चमचा लपवून ठेवतो, त्याची दांडी जमिनीवर घासघासून तिची छिन्नी करतो, आणि दाराच्या ओकच्या फळ्या ज्या मऊ लाकडाने सांधलेल्या आहेत ते लाकूड दिवसामागून दिवस तासत राहतो. खाली पडलेला भुसा तो झाडूच्या काडीने गोळा करतो. पलंगाच्या तारा आणि कापडाच्या पट्ट्या पिळून दोर वळतो. तासाभरात हे दार, हा चमचा आणि हा दोर आपल्या इतक्या ओळखीचे होतात, की बाहेर पावले वाजली की आपलाच श्वास अडकतो.

हा चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना मी काही भाग डोळे मिटून नुसता ऐकला, आणि तेव्हा त्याची खरी रचना ध्यानात आली. कैद्याला दिसते फार थोडे, म्हणून त्याचे सारे जग कानांत गोळा होते: कठड्यावरून खडखडत जाणारी पहारेकऱ्याची किल्ली, दूरवरून जाणारी आगगाडी, शेजारच्या भिंतीवरची टकटक. पलायनाच्या रात्री भिंतीपलीकडून एक कुरकुर ऐकू येते आणि ती कसली हे बराच वेळ उमगत नाही. अखेर कळते, की दोन तटांमधल्या वाटेवर पहारेकरी सायकलवरून फेऱ्या घालतो आहे. भीती दाखवण्याची याहून अचूक रीत मी चित्रपटात क्वचितच पाहिली आहे.

याच्याच जोडीने जाक बेकेर यांचा १९६० सालचा 'ल त्रू' अवश्य पाहा. पॅरिसच्या ला साँते तुरुंगात १९४७ साली झालेल्या पलायनाच्या खऱ्या प्रयत्नावर तो बेतलेला आहे, आणि त्या प्रयत्नात सामील असलेल्या एका माणसाने, जाँ केरोदी या नावाने, त्यात भूमिकाही केली आहे. कोठडीची काँक्रीटची जमीन फोडण्याचा प्रसंग जवळजवळ चार मिनिटे एकाच सलग दृश्यात चालतो. घाव पडतात, तुकडे उडतात, दमलेला हात बाजूला होऊन दुसरा पुढे येतो, आणि पार्श्वसंगीताचा आधार कुठेही नाही. मात्र माझ्या मनात घर केले ते एका वेगळ्याच क्षणाने. भुयार पूर्ण झाल्यावर दोघे कैदी रस्त्यावरचे झाकण उचलून डोके बाहेर काढतात. पहाटेची वेळ आहे, समोरून एक टॅक्सी जाते, निघून जावे म्हटले तर अडवणारे कोणी नाही. आणि तरी ते झाकण लावून पुन्हा कोठडीत परततात, कारण बाकीचे साथीदार अजून आतच आहेत.

'द ग्रेट एस्केप' (१९६३) करमणूक म्हणून उत्तम आहे, पण त्यातील मोटारसायकलची प्रसिद्ध दौड काल्पनिक आहे हे जाणून तो पाहावा. तो ज्या खऱ्या घटनेवर आधारलेला आहे, तीत १९४४ साली जर्मनांच्या युद्धकैदी छावणीतून निसटलेल्या ७६ जणांपैकी ७३ पकडले गेले आणि त्यांतील ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या.

भिंत नसलेली कैद पाहायची असेल, तर 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३) पाहा; मात्र मन घट्ट करून पाहा. १८४१ साली फसवून पळवलेला आणि गुलाम म्हणून विकलेला सॉलोमन नॉर्थअप १८५३ साली सुटला. त्याची धडपड भुयार खणण्याची नसून एक पत्र बाहेर पोहोचवण्याची आहे. त्यासाठी तो फळांच्या रसाची शाई करतो, चोरून लिहितो, आणि ज्याच्यावर विश्वास टाकला तोच उलटल्यावर ते पत्र स्वतःच्या हाताने जाळतो. याच्या अगदी उलट टोकाला व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) आहे. खुनाच्या सहा कैद्यांना बेड्यांवाचून उजाड माळावर नेऊन त्यातला जेलर त्यांच्याकडून शेती करवतो; पळण्याची वाट समोर मोकळी आहे, आणि माणूस पळत का नाही, या प्रश्नावर अख्खा चित्रपट उभा आहे.

'शॉशँक'मधला, दीर्घ कैदेनंतर सुटूनही बाहेरच्या जगात रुळू न शकलेला म्हातारा ब्रूक्स तुमच्या मनात राहिला असेल, तर शेवटी 'रूम' (२०१५) पाहा. एका खोलीत वर्षानुवर्षे डांबलेली आई आणि तिथेच जन्मलेला तिचा पाच वर्षांचा मुलगा यांची सुटका साधारण मध्यावरच होते, आणि खरी अवघड गोष्ट तिथून पुढे सुरू होते. (शेवट आधी कळू नये असे वाटत असेल, तर इथेच थांबा.) मुलगा हट्टाने ती खोली पुन्हा एकदा पाहायला जातो. ती आक्रसली आहे का, असे विचारतो. मग खुर्ची, टेबल, कपाट अशा एकेका वस्तूचा तो नाव घेऊन निरोप घेतो आणि आईलाही खोलीचा निरोप घ्यायला सांगतो. तिचे ओठ हलतात, पण आवाज फुटत नाही.